आरोपीच्या जातीधर्माचा खुनाच्या खटल्यावर खरोखर परिणाम होतो का?

न्यायाधीश पुरावाच पाहतात, मग आरोपीच्या जातीधर्माचा संबंध येतोच कुठे, असे आपण विचारले आहे. संबंध येतो. पूर्वग्रह न्यायालयात पोहोचण्याच्या कितीतरी आधी पोलीस ठाण्यात कागदावर उतरलेला असतो आणि न्यायाधीशांपुढे येतो तो पुरावा म्हणूनच.

मी तलाठी असताना एका खुनाच्या प्रकरणात ओळख परेडीला पंच म्हणून मला बोलावले होते. शेतवस्तीवर दरोडा पडून एक वृद्ध गृहस्थ मारले गेले होते आणि हे काम पारध्यांचेच, असे गावाने पंचनामा होण्यापूर्वीच ठरवून टाकले होते. संशयित पालावरून उचललेला होता. त्याच्यासोबत उभे केलेले सहाही डमी बाहेरून आणलेले, अंगाबांध्याने साधारण सारखे, त्यामुळे कागदोपत्री सारे चोख होते. माझे लक्ष सहज खाली गेले. सहा जणांच्या पायांत चपला होत्या. सातवा अनवाणी होता आणि त्याच्या टाचांच्या भेगांत काळी माती तशीच होती. साक्षीदार बाईंची नजर ओळीवरून फिरली, त्या पायांपाशी अडखळली आणि मग त्यांनी बोट दाखवले. मी मुकाट्याने सही केली. पुढे सत्र न्यायालयात बचाव पक्षाच्या वकिलांनी नेमके विचारले, ‘बाकीचेही अनवाणी होते का?’ मी ‘आठवत नाही’ म्हणालो. आठवत होते. तो माणूस साडेतीन वर्षांनी निर्दोष सुटला, त्यात माझा हातभार शून्य.

सेवानिवृत्त फौजदार असलेले माझे मेहुणे आजही म्हणतात की पोलीस उगाच कोणाला धरत नाहीत. त्यांनी जालना जिल्ह्यातील २००३ चे प्रकरण आठवावे. एका कुटुंबातील पाच जणांची हत्या झाली आणि भटक्या जमातीतील सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने त्यांपैकी तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली होती, तर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सर्वांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. त्यांतील एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंमधून भलतेच चार जण ओळखले होते, हे कागदपत्रांतच होते. तरीही सोळा वर्षे गेली. अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारणारा इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण ‘पारधी म्हणजे चोर’ हे समीकरण गावोगाव अजून चालू आहे.

प्रत्येक पारधी निरपराध असतो, असे मी म्हणत नाही. साक्षीदार बाई खोटे बोलल्या, असेही नाही; ज्यांच्या घरात माणूस मारला गेला, त्यांना कोणीतरी सापडावा असे वाटणारच. जालन्याच्या त्या कुटुंबालाही शेवटी न्याय मिळाला नाही, हे मेहुण्यांनी ध्यानात घ्यावे, कारण चुकीची माणसे धरली की खरी मोकळी राहतात.

आपल्याला कधी पंच म्हणून बोलावले तर सही करण्यापूर्वी सर्वांच्या पायांकडे पाहा आणि जे दिसले ते तिथेच लिहून घ्यायला लावा. अधिकारी चिडतील. मेहुण्यांना मी त्या निकालपत्राची प्रत दिली होती. त्यांनी ती चष्मा न लावताच परत केली.