आधी बाक, मग करवत

प्रश्न : घरातील सुमारे तीन मीटर रुंद आणि चार मीटर लांब अशी एक खोली मला सुतारकामासाठी मिळाली आहे. स्टूल, पुस्तकांचे कपाट अशा वस्तू स्वतः कराव्यात अशी इच्छा आहे, परंतु खर्चाला मर्यादा असल्यामुळे मोठे यंत्र एकच घेता येईल. टेबल-सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या फिरत्या पात्याची करवत, घ्यावी असे मनात आहे. आपला सल्ला काय?

उत्तर : टेबल-सॉ घेऊ नये, असे मी सुचवेन, आणि त्याचे कारण खर्चात नसून आपल्या खोलीच्या लांबीत आहे. अशा करवतीवर अडीच मीटरची फळी उभी चिरायची, तर पात्याच्या अलीकडे अडीच मीटर आणि पलीकडेही तितकीच जागा मोकळी लागते. चार मीटरांच्या खोलीत फळीचे टोक मध्येच भिंतीला टेकते, ढकलणारा हात ऐन पात्यापाशी अडखळतो आणि तिरकी झालेली फळी पात्याच्या मागच्या दातांवर चढली की उसळून थेट अंगावर येते. त्याऐवजी हातात धरून चालवायची सर्क्युलर सॉ आणि तिला टेकण देणारी एक लांब, सरळ पट्टी घ्यावी. प्लायवूडचे २४४० बाय १२२० मिलिमीटरचे अख्खे शीट जमिनीवर थर्मोकोलच्या जाड तुकड्यांवर आडवे ठेवून, पाते शीटच्या खाली जेमतेम पाच मिलिमीटर उतरेल असे बसवले, तर कपाटाच्या बाजू अचूक निघतात आणि काम संपल्यावर सारा सरंजाम भिंतीला टेकवून ठेवता येतो.

खोलीतील पहिली वस्तू मात्र करवत नव्हे, तर कामाचा बाक असावी. माझ्या पहिल्या बाकाची फळी २५ मिलिमीटर जाडीची होती. पटाशीवर मोगरीचा, म्हणजे लाकडी हातोड्याचा, घाव घातला की अर्धा घाव लाकडात जाई आणि अर्धा बाकावरची हत्यारे नाचवण्यात खर्ची पडे. १८ मिलिमीटर प्लायवूडचे चार थर सरसाने एकावर एक चिकटवले, तर ७२ मिलिमीटरची भक्कम फळी तयार होते. सरळ उभे राहून हात सैल सोडले असता मनगटाची घडी जिथे येते, ती बाकाची उंची धरावी. बहुतेकांच्या बाबतीत ती ८० ते ९० सेंटिमीटरांच्या दरम्यान भरते. रंधा मारण्याचे काम जास्त असेल, तर त्याहून थोडी कमी चालेल, कारण रंधा दंडाच्या जोरावर नव्हे, तर कमरेपासून पुढे झुकणाऱ्या अंगाच्या भाराने चालतो. रंधा मारताना बाकच पुढे सरकू लागला, तर पायांच्या खालच्या आडव्या पट्ट्यांवर फळी टाकून तिच्यावर वजन ठेवावे. बाक खिडकीपाशी असा मांडावा की उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डावीकडून मिळेल; नाहीतर हाताची सावली नेमकी आखलेल्या रेघेवर पडते.

हत्यारांत एक रंधा, ६, १२ आणि २० मिलिमीटरच्या तीन पटाश्या, बारीक दातांची करवत, मोगरी, काटकोन आखायचा गुण्या आणि लाकूड आवळून धरणारे निदान सहा क्लॅम्प एवढ्यावर सुरुवात करता येते. गुण्या घेताना तो तपासूनच घ्यावा. सरळ कडेच्या फळीला गुण्या टेकवून एक रेघ ओढावी, मग गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी ओढावी. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या, तर गुण्या खरा. त्या फाकल्या, तर जेवढे अंतर दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे.

धार लावण्याची जागा बाकापासून दोन पावलांवर आणि कायमची मांडलेली असावी, याबाबत मी जरा हट्टी आहे. दगड कपाटातून काढावे लागत असतील, तर माणूस बोथट पटाशीनेच काम रेटतो आणि पटाशी सटकून हात कापून घेतो. नव्या पटाशीची पाठ आधी आरशासारखी सपाट करावी, मग पुढची उतरंड २५ अंशांत आणि टोकाची बारीक कड ३० अंशांत घासावी. १००० नंबरच्या दगडावर घासताना पाठीकडून बोट कडेच्या बाहेरच्या दिशेने हलकेच फिरवून पाहावे. संपूर्ण रुंदीभर बारीक खरखर लागली, की त्या दगडाचे काम झाले. मग ६००० नंबरच्या दगडावर ती खरखर काढून टाकावी.

विजेबाबत थोडक्यात सांगतो. यंत्रांसाठी दिव्यांपेक्षा वेगळी वायरिंग, भार वाढताच वीज तोडणारा स्वतंत्र एमसीबी आणि विजेची गळती होताच ती तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी जाणकार वायरमनकडून बसवून घ्यावा, तसेच प्लग बाकाच्या पातळीच्या वर असावेत.

प्रश्न : सँडरने घासकाम केल्यावर दोन दिवस नाक चोंदलेले राहते. खिडकी उघडी ठेवणे पुरेसे नाही का?

उत्तर : नाही. जमिनीवर पडणारा भुसा डोळ्यांना खुपतो, पण खरा त्रास न दिसणाऱ्या धुळीचा असतो. ती यंत्र बंद केल्यानंतरही तासन्‌तास हवेत तरंगत राहते आणि फुफ्फुसांत खोलवर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले, ते मुख्यतः नाकाच्या आणि त्यालगतच्या पोकळ्यांच्या कर्करोगामुळे. धूळ उगमापाशीच ओढून घेणे, हाच खरा उपाय आहे. सँडरच्या तळाला जेवढी छिद्रे असतील तेवढीच आणि त्याच जागी छिद्रे असलेला पॉलिश पेपर लावून यंत्र व्हॅक्यूमला जोडावे. छिद्रे जुळली नाहीत, तर व्हॅक्यूम नुसताच घरघरत राहतो. एन-९५ मास्क घासकामाआधी चढवावा आणि काम थांबताच उतरवू नये. खोली केरसुणीने झाडू नये. बसलेली धूळ पुन्हा उठते. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

प्रश्न : महिनाभर कोपऱ्यात उभ्या टेकवून ठेवलेल्या फळ्या वाकल्या. लाकूडच वाईट होते का?

उत्तर : बहुधा नाही, ठेवण्याची पद्धत चुकली. लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते. त्यामुळे ते लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र फुगते व आक्रसते, आणि वार्षिक वलयांच्या दिशेने होणारा बदल गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या बदलाच्या साधारण दुप्पट असतो. टेकवलेल्या फळीला एका बाजूने हवा लागते, दुसरी बाजू भिंतीच्या ओलीत राहते आणि स्वतःच्या भाराने ती मध्ये झुकते, ते वेगळेच. फळ्या भिंतीवरील कंसांवर आडव्या ठेवाव्यात, कंसांतील अंतर अर्ध्या मीटरच्या आसपास असावे आणि दर दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालाव्यात. नवे लाकूड कापण्याआधी काही आठवडे त्याच खोलीत मुरू द्यावे.

प्रश्न : जवसाच्या तेलाची फडकी कचऱ्याच्या डब्यात टाकली तर चालते का?

उत्तर : मुळीच चालत नाही. हे तेल सुकताना हवेतील प्राणवायूशी संयोग पावते आणि त्यातून उष्णता निर्माण होते. बोळा केलेल्या फडक्यात ती साठत जाऊन, काडी न लावताही फडके पेट घेऊ शकते. फडके उलगडून घराबाहेर दगडी किंवा लोखंडी पृष्ठभागावर एकपदरी पसरावे आणि कडक होईपर्यंत वाळवावे, किंवा पाण्याने भरलेल्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावे.