चोरबाजारात मिळालेलं ‘टायटॅनिक’चं होकायंत्र खरं असेल का?

मटण स्ट्रीटवर ‘आर.एम.एस. टायटॅनिक १९१२’ असं कोरलेलं पितळी होकायंत्र अडीच हजारांत घेतलंत, ते खरं का, आणि जुन्या प्रवासी बोटींच्या वस्तू जमवायला सुरुवात कशी करावी, असं विचारलंय.

खरं नाही. असली होकायंत्रं मुरादाबाद-रुरकीकडे ढिगाने बनतात. उलटं करून स्क्रू बघा. फुलीची खाच असेल तर विषयच संपला, कारण तो स्क्रू १९३० च्या दशकातला. शिवाय बोटीचं होकायंत्र खिशात मावत नाही हो, चांगलं परातीएवढं असतं! आणि ठळक कोरलेलं नाव हीच खरी शंकेची जागा. टायटॅनिकची कंपनी व्हाइट स्टार लाइन, तिच्या कपबश्यांवर कंपनीचं निशाण असे, बोटीचं नाव सहसा नसे. टायटॅनिकवरच्या बँडमास्तरचं, वॉलेस हार्टलीचं, व्हायोलिन २०१३ साली लिलावात ९ लाख पौंडांना गेलं. अडीच हजारांत काय येणार?

वाईट वाटून घेऊ नका, मीही एक ‘बोटीची घंटा’ घेतली होती. घरी ओल्या फडक्याने पुसली, तर शंभर वर्षांचा काळपटपणा बूटपॉलिशसारखा फडक्यावर उतरला.

माझं ऐकाल तर पितळेच्या नादी लागू नका, कागद जमवा. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या प्रवासी बोटी मुंबईच्या बॅलार्ड पियर धक्क्याला लागायच्या, त्यामुळे मेनूकार्डं, पोस्टकार्डं, सामानाची लेबलं आपल्याकडच्या जुन्या घरांत अजून निघतात. कागदाचा काळ ठरवणंही कधीकधी सोपं असतं. पी अँड ओची ‘स्ट्रॅथनेव्हर’ (१९३१) घ्या. पांढरीशुभ्र बोट, तीन धुरांडी, त्यातली दोन नुसती शोभेची! महायुद्धानंतर ती दोन काढून टाकली. म्हणजे कार्डावरच्या चित्रात तीन धुरांडी दिसली की चित्र बहुधा युद्धाआधीचं.

माझी आवडती वस्तू पुण्याच्या जुन्या बाजारात घेतलेल्या ट्रंकेवर होती. ‘नॉट वाँटेड ऑन व्हॉयेज’ असं छापलेलं लेबल, खाली शाईच्या पेनाने ‘बॉम्बे’. असं लेबल लागलेलं सामान खाली तळघरात जाई, प्रवास संपल्यावरच हाती येई. केबिनमध्ये न्यायच्या सामानाला वेगळं लेबल. तुम्हाला असं काही मिळालं तर ट्रंकेसकट ठेवा, सोडवायला जाऊ नका. मी वाफ देऊन सोडवायला गेलो, आता माझ्याकडे फक्त ‘नॉट वाँटेड’ उरलंय.