मुलगी अबोल आहे. स्वभावाचे प्रकार समजून घेतल्याचा मानसिक आरोग्याला खरंच उपयोग होतो का?

तुमची मुलगी कॉलेजात कुणात मिसळत नाही, हे वाचलं आणि माझा धाकटा भाऊ डोळ्यांपुढं आला. उपयोग होतो, पण आमच्या घरात त्याच समजुतीनं घोळही झाला, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही कोल्हापूरचे, मंगळवार पेठेतले. संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर जो बसत नाही तो 'घुम्या', असा आमच्याकडं हिशेब. भाऊ पहाटे एकटाच रंकाळ्याला फेरी मारायचा आणि घरी खुशीत यायचा. कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञांनी १९२१ साली मांडलेली अंतर्मुख-बहिर्मुख ही कल्पना मला कळली, तेव्हा कुठं मी त्याला कट्ट्यावर ओढायचं सोडलं. गर्दीत तो दमायचा, एकटा असला की टवटवीत व्हायचा.

पुढं त्याची ती फेरीच बंद पडली. रात्र-रात्र जागा, ताटात निम्मं जेवण तसंच. आई म्हणायची, "त्याचा स्वभावच तसला हाय, बोलंल आपोआप." मीही मान डोलावली आणि चार महिने घालवले. डॉक्टरांनी नैराश्य आहे म्हणून सांगितलं, तेव्हा उलगडलं. त्याला आता एकटं असणंही आवडत नव्हतं, आणि आम्ही फक्त तो गप्प आहे एवढंच बघत होतो. याची बोच अजून जात नाही.

आज मानसशास्त्रात पाच गुण जास्त धरतात: नव्याची ओढ, शिस्त, बहिर्मुखता, जुळवून घेणं आणि भावनिक अस्थिरता. प्रत्येक गुण कमी-जास्त असतो, बहुतेक माणसं मधे कुठंतरी. शेवटचा गुण जास्त असेल तर चिंता, नैराश्याचा धोका वाढतो. तो स्वतः आजार नव्हे. माणसांचे सोळा प्रकार सांगणाऱ्या मोबाइलवरच्या चाचण्यांवर मात्र भिस्त ठेवू नका, काही आठवड्यांनी त्याच माणसाचा प्रकार बऱ्याचदा बदलून येतो.

मुलीला एकटीला काय करायला आवडतं, ते आधी नीट बघून ठेवा. चित्रं, वाचन, काहीही. तेच सुटलं, झोप-जेवण बिघडलं आणि दोन आठवडे तसंच राहिलं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडं न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आणि जीव नकोसा झाल्यासारखं काही ती बोलली, तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी फोन लावा.