हॉटेलात गायल्याने गाणे बिघडते का?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. फोंड्याजवळच्या गावात राहून आपण शास्त्रीय गायनात विशारद झालात, पुढील तालीम चालू आहे, आणि आता कळंगुटच्या एका हॉटेलाने ऑक्टोबर ते मार्च या सीझनमध्ये आठवड्यातून चार संध्याकाळी चित्रपटगीते व गझला गाण्याचे काम देऊ केले आहे. त्या पैशांची घराला गरज आहे. गुरुजी मात्र ‘गळा विकू नकोस’ एवढेच बोलून गप्प झाले आहेत, आणि हे काम घेतल्यास आपण गाण्याशी अप्रामाणिक ठरू का, अशी आपली शंका आहे. मी गेली बत्तीस वर्षे पेटीची साथ करतो. देवळांतले उत्सव, जत्रेची नाटके, भजनाच्या स्पर्धा, लग्नाचे स्वागतसमारंभ, शिकवण्या आणि हॉटेल या सर्वांतून माझे घर चालले आहे, म्हणून या प्रश्नावर अनुभवाने बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असे समजतो.

माझे मत असे की काम घ्यावे, परंतु चार नव्हे तर दोनच संध्याकाळी, आणि काही अटी लिहून घेऊन. पैसा घेतल्याने गाणे बिघडते असे मला वाटत नाही. संध्याकाळचे काम जेव्हा सकाळच्या रियाझात शिरते आणि कानाची सवय बदलते, तेव्हा गाणे बिघडते. हे माझ्या स्वतःच्या हाताला झाले आहे, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो.

घराचे कर्ज डोक्यावर असताना उत्तर गोव्यातल्या एका हॉटेलात मी सलग सहा सीझन वाजवले. सोबत एक गायक, एक तबलावादक आणि कीबोर्डवर आधी भरून ठेवलेले ट्रॅक असत. जेवणाऱ्या लोकांसमोर दोन गाण्यांच्या मध्ये, किंवा एका ओळीनंतर दुसरी ओळ येईपर्यंत, क्षणभर जरी शांतता झाली तरी कार्यक्रम संपला असे समजून बोलण्याचा आवाज वाढतो, आणि मग व्यवस्थापक दुरून हाताने ‘चालू ठेवा’ अशी खूण करतो. त्यामुळे गायकाने श्वास घेतला की ती जागा पेटीने भरून काढायची, ही सवय बोटांत नकळत बसत गेली. ती बसली आहे हे मला सहा वर्षांत एकदाही जाणवले नाही. पुढे एका देवळाच्या उत्सवात एका ज्येष्ठ गायिकेला साथ करताना, विलंबित ख्यालात, म्हणजे संथ लयीतल्या गायनात, ती एका स्वरावर स्थिरावून थांबली की मी लगेच काहीतरी वाजवत होतो. तिसऱ्या वेळी तिने गाणे न थांबवता पेटीच्या भात्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, “मला जरा श्वास घेऊ दे, बाबा.” ती रागावलेली नव्हती, पण त्या रात्री घरी परतताना मला फार वाईट वाटले, कारण साथीदाराचे पहिले काम ऐकणे हे असते आणि तेच माझ्याकडून सुटले होते.

दुसरी गोष्ट सुरांची. आपण गायिका आहात, म्हणून ती आपल्यासाठी अधिक महत्त्वाची आहे. तानपुरा नीट लावला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा, गंधार ऐकू येतो, तो, सप्तकाचे १२०० सेंट (सुरांतले अंतर मोजण्याचे एकक) मानले तर, षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो. कीबोर्डवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असल्यामुळे त्याचा शुद्ध गंधार ४०० सेंटवर असतो, म्हणजे सुमारे १४ सेंटने चढा. एका गाण्यात हा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण आठवड्यातून चार संध्याकाळी, प्रत्येकी तीन तास, ट्रॅकच्या सुराला गळा मिळवत राहिलात तर महिन्या-दोन महिन्यांत कान तो चढा गंधार खरा मानू लागतो, आणि मग सकाळी तानपुऱ्यावर बसल्यावर भूपातला किंवा यमनमधला गंधार लागला तरी मन निवत नाही. मी ट्रॅकशी जुळावी म्हणून माझी पेटीसुद्धा तशी लावून घेतली होती. ती पुन्हा गंधार ट्यूनिंगला, म्हणजे तानपुऱ्याच्या नैसर्गिक सुरांना, लावून घेण्यासाठी कारागिराकडे दिली, त्याला आठ दिवस लागले. कानाला मात्र त्याहून कितीतरी अधिक काळ लागला.

मी तेव्हा हॉटेल सोडले नाही, कारण कर्ज फिटले नव्हते. चारच्या दोन संध्याकाळी केल्या आणि त्यानंतर आणखी दोन सीझन वाजवले. त्याच काळात एका विद्यार्थ्याला पहाटे बोलावून तासभर केवळ तानपुरा आणि खर्ज, पेटी बंद ठेवून, असा नेम धरला. दोन संध्याकाळी आणि चार संध्याकाळी यांत पैशाचा फरक निम्म्याचा होता, पण माझ्या हातावर पडलेला फरक त्याहून पुष्कळ मोठा होता. हॉटेलातून रात्री साडेअकराला निघून साडेबाराला घरी पोहोचणारा माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठत नाही. आठवड्यात चार पहाटा गेल्या की उरलेल्या तीनही मोडकळीला येतात. दोन गेल्या तर पाच तग धरतात.

आता आपल्या गुरुजींच्या वाक्याविषयी. ते काळजीपोटी आले असावे, आणि गळ्याच्या बाबतीत त्यांची भीती खरी आहे. परंतु ‘गळा विकणे’ या शब्दांना आपल्या गोव्यात, विशेषतः स्त्रीच्या बाबतीत, जुना सामाजिक दंश आहे. देवळांच्या सेवेत गाणाऱ्या-नाचणाऱ्या ज्या कलावंत समाजातून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या थोर ख्यालगायिका आल्या, त्या समाजाच्या स्त्रियांच्या गाण्यावर लोक जगले आणि पैसे घेऊन गाण्याबद्दल त्यांनाच हिणवतही राहिले. त्या दोघींनी बिदागी घेणे कधी लपवले नाही. केरीच्या केसरबाई तर बिदागीच्या बाबतीत कोणापुढे नमते घेत नसत अशी त्यांची ख्याती होती. म्हणून पैसे घेऊन गाणाऱ्या बाईकडे कमी दृष्टीने पाहणारे कोणतेही वाक्य, ते कितीही आदरणीय माणसाकडून आले तरी, मनात जसेच्या तसे ठेवून घेऊ नये असे मला कळकळीने वाटते.

नकाराची उदाहरणे आपल्याकडे फार आदराने सांगितली जातात, आणि तो आदर योग्यच आहे. केसरबाईंनी पुढे रेडिओ आणि ध्वनिमुद्रण यांपासून स्वतःला दूर ठेवले. मोगूबाईंची कन्या किशोरी आमोणकर यांनी १९६४ च्या एका हिंदी चित्रपटासाठी गायल्यानंतर, पुन्हा चित्रपटात गायलीस तर माझ्या तानपुऱ्यांना हात लावायचा नाही, असे मोगूबाईंनी बजावल्याचे किशोरीताईंनीच सांगितले आहे. अशा गोष्टी ऐकून तरुण गायकाला वाटते की सच्चेपणा म्हणजे नाही म्हणणे. पण त्या नकारामागे पोटाची काय व्यवस्था होती हेही पाहिले पाहिजे. केसरबाईंना मुंबईतल्या धनिक रसिकांचा आश्रय होता. त्या दोघींचे गुरू अल्लादियाखाँसाहेब कोल्हापूर दरबारात नोकरीस होते. आपल्याला दरबार नाही आणि शेठही नाहीत. आपण नकार दिलात तर त्याची किंमत आपल्या आई-वडिलांना मोजावी लागेल, आणि ती त्यांच्याकडून परस्पर वसूल करण्याला मी सच्चेपणा म्हणणार नाही.

शिवाय ज्या संगीताला आज आपण शुद्ध परंपरा म्हणून डोक्यावर घेतो, त्यातले पुष्कळसे तिकीटबारीवरच उभे राहिले आहे. १९१६ च्या ‘संगीत स्वयंवर’च्या पदांना भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, त्या गंधर्व नाटक मंडळीच्या धंदेवाईक प्रयोगांसाठी. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर नाटक कंपनी चालवत होते, आणि बोलपट आल्यावर त्या धंद्याची जी पडझड झाली तिचा फटका त्यांनाही बसला. मंगेशीचेच पंडित जितेंद्र अभिषेकी आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर नोकरी करत असत. १९६४ मध्ये ‘मत्स्यगंधा’ आणि १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ या व्यावसायिक रंगभूमीवरच्या नाटकांना त्यांनी संगीत दिले, आणि ती पदे आजही गोव्यातल्या प्रत्येक उत्सवात गायली जातात. नाटकाच्या प्रेक्षकाला तीन-चार मिनिटांतच काहीतरी पोहोचवायचे असते, हे बंधन त्यांनी पूर्ण मानले. त्या तीन-चार मिनिटांत राग कसा दिसावा याबाबत मात्र त्यांनी सूट घेतली नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजूही साधारण तेवढीच असे. केसरबाईंची भैरवीतील ‘जात कहां हो’ ही अशीच छोटी ध्वनिमुद्रिका १९७७ मध्ये अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्णतबकडीत गेली. गाण्याची लांबी बाजाराने ठरवली तरी त्यात काय भरायचे ते गाणारा ठरवू शकतो, हे मला या तबकडीवरून पटते.

माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांचे उदाहरण मला आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचे वाटते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वादक आणि संगीत-संयोजक म्हणून ते स्टुडिओत राबत होते, आणि त्याच काळात रागसंगीत व पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणाऱ्या रचना स्वतः लिहीत होते. १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्यांनी मोठा वाद्यवृंद उभा करून त्या रचना सादर केल्या, तेव्हा लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यांच्यासाठी गायले. स्टुडिओतल्या कामामुळेच त्यांची त्या वादकांशी आणि गायकांशी ओळख होती, आणि स्टुडिओत ज्याला जागा मिळाली नाही अशा संगीताला त्यांनी वेगळी जागा करून दिली. आपण काय गाता यापेक्षा, त्या कामाच्या पलीकडे आपले स्वतःचे असे काही चालू ठेवता की नाही, याकडे मी अधिक लक्ष देईन.

आता अटी. पहिली अट म्हणजे मी वर सांगितलेल्या दोन संध्याकाळी. दुसरी, ट्रॅकऐवजी निदान तबला आणि एक साथीचे वाद्य प्रत्यक्ष मागा, आणि तानपुऱ्याचा सूर आपल्या मॉनिटरमध्ये, म्हणजे गाणाऱ्याला ऐकू यावे म्हणून ठेवलेल्या स्पीकरमध्ये, मोठा ठेवून घ्या. हॉटेलाला त्याने फरक पडत नाही, आपल्या कानाला पडतो. पट्टी आपली ठेवा. चित्रपटातल्या मूळ पट्टीत गाण्याचा आग्रह झाला तर स्पष्ट नकार द्या, कारण वरच्या सुरात रोज ताणलेला गळा खर्जही गमावू शकतो. तीन तासांच्या कार्यक्रमात पाऊण तासानंतर विश्रांती हवी. गझल निवडताना ज्या चालींत राग धरून बढत, म्हणजे सावकाश विस्तार, करता येते अशा चार-पाच गझला ठेवा, म्हणजे संध्याकाळीही काही मिनिटे आपली तालीम आपल्यासोबत राहील. आणि मानधनाची तारीख लिहून घ्या. माझे एका सीझनचे शेवटचे दीड महिन्याचे पैसे पावसाळा संपेपर्यंत अडकले होते, आणि हाती कागद नसल्यामुळे मला केवळ फेऱ्या माराव्या लागल्या.

आपण स्वतःच्या चाली बांधता असेही प्रश्नात ओझरते लिहिले आहे. त्या हॉटेलात गायल्या आणि कोणी चित्रीकरण करून प्रसिद्ध केले तर हक्क कोणाचा, हे करारात आधीच स्पष्ट करून घ्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात संगीतकार आणि गीतकार यांचा स्वामित्वधनातला (रॉयल्टीतला) वाटा त्यांनी सही करून दिला तरी सोडता येत नाही, आणि सादरीकरणाचा व्यावसायिक वापर झाल्यास गाणाऱ्यालाही स्वामित्वधन मिळण्याची तरतूद आहे. म्हणून ‘सर्व हक्क कायमचे हॉटेलाचे’ अशा ओळीखाली सही करण्याची गरज नाही. ध्वनिमुद्रिका काढून इंटरनेटवर टाकल्याने घर चालेल या आशेवर मात्र राहू नका. स्पॉटिफाय या मंचावर २०२४ पासून वर्षभरात १००० पेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही, आणि रागसंगीताच्या नव्या गायिकेला तो आकडा गाठणेसुद्धा सोपे नसते.

गुरुजींना हे सर्व दुसऱ्याकडून कळू देऊ नका. सही करण्यापूर्वी त्यांच्याकडे जा, किती संध्याकाळी गाणार आणि कोणत्या पहाटा त्यांच्यासाठी राखून ठेवल्या आहेत ते सांगा, आणि दर महिन्याला एकदा त्यांनी आपला गंधार आणि आपला विलंबित ऐकावा अशी विनंती करा. आपल्याला जे बिघडलेले कळणार नाही ते त्यांना आधी कळेल, जसे मला त्या गायिकेच्या हातामुळे कळले. त्यांनी ‘आता थांब’ म्हटले तर तो सीझन पुरा करून थांबायची तयारी ठेवा. आणखी एक गोष्ट करारातच घाला. कार्तिकात मडगावच्या हरिमंदिराची दिंडी असते, रस्त्यावर बसून हजारो माणसे तिकिटाविना रात्रभर गाणे ऐकतात. त्या रात्री आणि आपल्या गावच्या देवळाच्या उत्सवाच्या रात्री हॉटेलात येणार नाही, असे लिहून घ्या.