लेकरू घेऊन इंग्लंडला येताय आणि शाळेत 'डीटी' नावाचा विषय आहे, तर हे वाचा

ताई, तुम्ही विचारलंय की लातूरहून लेस्टरला नर्सच्या नोकरीवर यायलात, पोरगा आठवीत आहे, १३ पूर्ण झालीत, आणि इथल्या शाळेच्या यादीत डिझाईन अँड टेक्नॉलॉजी (म्हणजेच डीटी) दिसलं, तर हे आपल्या कार्यानुभवासारखंच का, आणि पुढं इंजिनीअरिंग करायचं असेल तर त्यात वेळ घालवावा का. मी उदगीरचा, इकडं मिडलँड्समधेच राहतो, माझ्या थोरलीनं हा विषय जीसीएसईला (आपल्या दहावीसारखी इयर १० आणि ११ ची परीक्षा) घेतला होता, म्हणून जरा सविस्तर सांगायलो.

कार्यानुभव अजिबात समजू नका. आपल्याकडं त्या तासाला काय होतं ते तुम्हालाबी माहितीय, एखादं तोरण नाहीतर मेणबत्त्या जमा करायच्या आणि तास गणिताच्या सरांना. इथं डीटी १९९० पासून राष्ट्रीय अभ्यासक्रमात आहे. इयर ७ ते ९ मधे बहुतेक शाळांत सगळ्यांना असतो, पोरं आलटून पालटून लाकूड, प्लॅस्टिक, कापड, स्वयंपाक असं करत फिरतात. वयाच्या १४ वर्षांनंतर मात्र तो ऐच्छिक, २००४ पासून सक्तीचा राहिला नाही, आणि नंतर सरकारनं ठराविक विषयांवर भर द्यायला सुरुवात केली त्यात डीटी नव्हता, त्यामुळं शाळांनी हात आखडता घेतला. डीटीचे शिक्षकही कमी पडतात. म्हणून शाळा बघताना वेबसाईटवर नाव दिसलं म्हणजे झालं असं नाही, फोन करून विचारा की इयर १० ला खरंच शिकवता का, बोर्ड कुठलं, वर्कशॉपमधे काय काय आहे, आणि ऑप्शन ब्लॉकमधे, म्हणजे ऐच्छिक विषयांच्या गटात, तो कॉम्प्युटर सायन्सच्या समोर येतो का, कारण एका ब्लॉकमधून एकच विषय घेता येतो आणि बऱ्याच आपल्या पोरांचा तिथंच घोळ होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, यायचं कधी. तुम्ही लिहिलंय की पोराची आठवी पुरी करून जूनमधे येऊ. इथं वर्ग वयावर ठरतो, शाळेचं वर्ष सुरू व्हायच्या आधीच्या ३१ ऑगस्टला १३ पूर्ण असतील तर इयर ९, १४ असतील तर इयर १०. आणि इयर १० चे विषय पोरं इयर ९ मधेच निवडतात, साधारण फेब्रुवारी मार्चच्या आसपास. तुम्ही जूनमधे आलात तर ज्या विषयात जागा उरली असेल तो घ्यावा लागेल, आणि वर्कशॉपच्या विषयात तुकडी लहान असते म्हणून तिथं जागा आधी संपतात. नोकरीची तारीख पुढंमागं होत असेल तर डिसेंबर जानेवारीत या, आठवीचं प्रगतीपुस्तक अर्धवट राहिलं तर काही बिघडत नाही. पत्ता मिळाला की कौन्सिलकडं वर्षाच्या मधल्या प्रवेशाचा अर्ज करायचा, सरकारी शाळेला फी नाही.

विषय असा आहे की अर्धे मार्क लेखी पेपरला आणि अर्धे प्रोजेक्टला. पेपर दोन तासांचा, त्यात लाकूड धातू प्लॅस्टिक कापड इलेक्ट्रॉनिक्स सगळं येतं, गिअर, कॅम, तरफा येतात, आणि किमान १५ टक्के मार्क गणिताचे असतात. म्हणजे एका प्लायवूडच्या शीटमधून अमक्या मापाचे किती तुकडे निघतील आणि किती टक्के माल वाया जाईल, असले प्रश्न. लातूर पॅटर्नमधे तयार झालेल्या लेकराला ह्याची भीती वाटायचं कारण नाही, पेपर तो काढेल.

अवघड आहे तो प्रोजेक्ट. इयर १० संपायला आलं की १ जूनला बोर्ड तीन विषय जाहीर करतं, अगदी ढोबळ, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं रोजचं जगणं सोपं करा अशा धर्तीचे, त्यातला एक निवडायचा. मग साधारण ३० ते ३५ तासांचं काम, शाळेतच, शिक्षकाच्या देखरेखीत. एक्यूए बोर्डाची १०० मार्कांची वाटणी बघा: माणसं शोधून त्यांची गरज समजून घ्यायला १०, नेमकं काय करायचं ते लिहायला १०, कल्पना काढायला २०, त्या सुधारायला २०, वस्तू बनवायला २०, आणि तपासून बरंवाईट सांगायला २०. म्हणजे हातात जी चकचकीत वस्तू येते तिला फक्त २०! बाकीचे ८० मार्क तिथपर्यंत पोरगा कसा गेला ह्याचे.

आपल्या गावातला सुतार तिफण करायच्या आधी शेतकऱ्याला विचारतो ना, काय पेरायचंय, जमीन कशी आहे, बैल किती उंच आहेत, तेच हे काम आहे, फक्त सुतार सगळं डोक्यात ठेवतो आणि इथं प्रत्येक पाऊल कागदावर दिसावं लागतं. समजा पोरानं ठरवलं की शेजारच्या आजींना किटली उचलून ओतता येत नाही तर ती कलती करायचा स्टँड करू. मग आजींशी बोलायचं, त्यांच्या मनगटाला किती वजन झेपतं बघायचं, ओट्याची उंची मोजायची, बाजारात काय मिळतं ते आणून बघायचं, पुठ्ठ्याचं मॉडेल करायचं, आजींना दाखवायचं, त्या म्हणतात हे डुगडुगतंय, मग पाया रुंद करायचा, परत दाखवायचं. डुगडुगणारं पहिलं मॉडेल फेकायचं नाही, त्याचा फोटो लावायचा आणि का डुगडुगलं ते लिहायचं, मार्क त्यालाच आहेत.

आणि इथंच आपल्याकडून आलेली हुशार पोरं मागं पडताना मी बघितली, माझ्या ओळखीतल्या दोनतीन घरांत हेच झालं. चुकीचं चित्र खोडरबरानं साफ करायचं, मग एकच सुंदर चित्र फेअर करून लावायचं, ही सवय लहानपणापासून आपणच लावलेली असते. परीक्षकाला मग सुधारणा कुठं झाली तेच दिसत नाही. तर आजपासून त्याला एक वही द्या आणि सांगा की खोडायचं नाही, बाजूला नवीन काढायचं.

आईबापानं प्रोजेक्टला हात लावायचा नाही हेही लक्षात ठेवा, काम स्वतःचं आहे असं लिहून सही द्यावी लागते आणि त्यावर शिक्षकाचीही सही असते, पकडलं तर मार्क जाऊ शकतात.

इंजिनीअरिंगचं म्हणाल तर विद्यापीठं ए लेव्हलला (आपली अकरावी बारावी) गणित मागतात, बहुतेक ठिकाणी फिजिक्सपण, डीटी नसला तरी चालतो. पण तिसरा विषय म्हणून डीटी चांगला, आणि प्रॉडक्ट डिझाईन किंवा आर्किटेक्चरकडं वळायचं असेल तर दाखवायला काम तयार राहतं. पुढं परत जायचं ठरलं तरी अहमदाबादचं एनआयडी आणि आयआयटी मुंबईचं आयडीसी ही डिझाईन शिकवणारीच ठिकाणं आहेत. माझं मत विचाराल तर पोराला घरातलं मिक्सर, सायकल उघडून बघायची हौस असेल तर बिनधास्त घ्या, नसेल तर तीन सायन्स, गणित आणि जॉग्रफी घेऊन मोकळं व्हा, नुसता मार्कांसाठी हा विषय घेऊ नका, हौस नसेल तर ते ३५ तास लई जड जातात.

यायच्या आधी एवढं करा. एलिमेंटरी ड्रॉइंग झालं असेल तर हात बसलेला असेलच, त्यावर आयसोमेट्रिक, म्हणजे वस्तूच्या तीन बाजू एकत्र दिसतील असं चित्र, काढायची सवय लावा. टिंकरकॅड हे कॉम्प्युटरवर थ्रीडी वस्तू काढायचं साधन फुकट आहे, ब्राउजरमधे चालतं, इथल्या पोरांना ते आधीच येत असतं. आपल्याकडं आयटीआयवाले फर्स्ट अँगलनं ड्रॉइंग काढतात, इथं थर्ड अँगल चालतं, म्हणजे कुठलं चित्र कुठल्या बाजूला ठेवायचं तेवढंच बदलतं, एका दिवसात समजतं. आणि दिवाळीच्या सुट्टीत ओळखीच्या एखाद्या सुताराकडं चार दिवस बसवा त्याला, करवत, पटाशी, कानस हातात धरू द्या, इथं वर्कशॉपमधे पहिल्यांदा गेलेल्या पोराला मशीनची भीती वाटते आणि तो मागं उभा राहतो.

धाकटी तिसरीत आहे म्हणालात, तिची काळजी करू नका, प्रायमरीत हा विषय सगळ्यांनाच असतो, पुठ्ठ्याच्या गाड्या आणि शिवणकामापासून सुरू होतो. शाळांची यादी हातात आली की पाठवा, कुठली विचारायची ते सांगतो.