‘मस्ट हॅव’ या रचनेबरोबर ‘यस्टरडे’ चालते का?

होय, ‘शी मस्ट हॅव लेफ्ट यस्टरडे’ हे वाक्य शुद्ध आहे, जरी ‘शी हॅज लेफ्ट यस्टरडे’ हे अशुद्ध ठरत असले तरी. ‘हॅज लेफ्ट’ हा पूर्ण वर्तमानकाळ असून त्याचा धागा बोलण्याच्या क्षणाशी जोडलेला असतो. त्यामुळे ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘इन २०१९’ असे संपून गेलेल्या निश्चित काळाचे शब्द प्रमाण इंग्रजीत त्याच्यासोबत येत नाहीत. ‘मस्ट’, ‘मे’, ‘कुड’, ‘शुड’ यांच्यानंतर मात्र क्रियापदाचे मूळ रूपच यावे लागते आणि ‘लेफ्ट’ हे भूतकाळी रूप तेथे थेट बसवता येत नाही, म्हणून साध्या भूतकाळाचे कामही ‘हॅव’लाच करावे लागते. याच कारणाने ‘मस्ट हॅव लेफ्ट’पुढे ‘यस्टरडे’ जितके सहज येते तितकेच ‘बाय नाऊ’ही येते. हा खुलासा शालेय व्याकरणांत क्वचितच आढळतो, आणि विद्यार्थी उगाच गोंधळतात.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी: ‘यस्टरडे’सह येणारे ‘मस्ट हॅव’ सामान्यतः अनुमानच सांगते, म्हणजे ती काल गेली असणार. तिला काल जावे लागले, ही सक्ती सांगायची असल्यास ‘शी हॅड टु लीव्ह यस्टरडे’ असेच लिहावे. सक्तीच्या अर्थाचे ‘मस्ट हॅव’ प्रामुख्याने पुढच्या मुदतीबरोबर दिसते. उदाहरणार्थ, अर्जदाराने ३० जूनपर्यंत पदवी पूर्ण केलेली असावी, अशा प्रकारच्या नियमांत.