कॉलेज संपल्यावर आयुष्यातला चांगला भाग संपला असं वाटतं. मागे वळून पाहताना तुम्हाला काय वाटतं?

मला वाटतं, कॉलेजात जे झालं तेच पुढे पुन्हा पुन्हा होत राहतं, फक्त सावकाश. हे मी पुरुषोत्तममुळे म्हणतोय. पुण्याबाहेरच्यांसाठी सांगतो: पुरुषोत्तम करंडक ही महाराष्ट्रीय कलोपासकची आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा, १९६३ पासूनची. भरत नाट्य मंदिर, बाहेर पाऊस, आणि प्रयोगाआधी घसा बसेपर्यंत ‘आव्वाज कुणाचा!’

नव्वदच्या दशकात मी त्या गर्दीत होतो. कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये माणूस चार-पाच वर्षांत अख्खं आयुष्य उरकतो. पहिल्या वर्षी बॅकस्टेज. लेव्हल्स, म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे, उचला, चहा आणा, तालमीचा हॉल झाडा. नावाने कुणी हाक मारत नाही. मग मॉबमध्ये एखादं वाक्य मिळतं आणि ते आईला दहादा ऐकवलं जातं. मग भूमिका. मग दिग्दर्शन, म्हणजे ओरडण्याचा परवाना. आणि शेवटची परीक्षा झाली की एका रात्रीत ‘माजी’. वय जेमतेम बावीस-तेवीस, पण मागच्या रांगेत बसून “यंदा पोरांत दम नाही” म्हणायला आपण मोकळे.

आमच्याही तालमीला असे एक माजी यायचे. बँकेतून सुटले की थेट. आधी सगळ्यांना वडापाव खायला घालायचे, मग एकांकिकेची चिरफाड. त्यांची पाठ वळली की आम्ही त्यांच्या नकला करायचो. अजून मला ती नक्कल बऱ्यापैकी जमते. सरावच तसा आहे, कारण हल्ली मी तेच बोलतो.

२०२२ मध्ये अंतिम फेरीतली एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही म्हणून परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय उधाण! दर्जा कुठे ठेवायचा हा परीक्षकांचा अधिकार, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ‘ही पिढीच अशी’ म्हणणाऱ्यांत आमचा एक नट आघाडीवर होता, ज्याला विंगेतून प्रॉम्प्ट केल्याशिवाय पुढचं वाक्य सुचायचं नाही.

नोकरीत हाच फेरा पुन्हा झाला, त्याचं फार सांगत नाही. घरी मात्र गंमत आहे. मूल झालं आणि मी थेट पहिल्या वर्षात. सामान उचला, वेळेवर पोचा, बाहेर थांबा. शाळेच्या फाटकाशी मला नाव नव्हतं, मी ‘हिचे बाबा’. आणि वडील थकल्यावर त्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांगत मी पुन्हा विंगेत उभा. हे कंटाळवाणं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. बॅकस्टेजवाल्याला नाटक बाजूने दिसतं, आणि नटाची चप्पल कुठे राहिलीय ते फक्त त्यालाच ठाऊक असतं.

तेव्हा तुम्हाला आत्ता जे वाटतंय ते माजी होण्याचं पहिलं वर्ष आहे. ते वाईटच जातं. ऑगस्टात पुण्यात असाल तर प्राथमिक फेरीचं तिकीट काढा. अंतिमपेक्षा तिथे मजा जास्त, कारण फसलेल्या एकांकिकाही बघायला मिळतात. शेजारी कुणी पन्नाशीचा माणूस मान हलवत बसला असेल तर त्याला काही विचारू नका. पडदा पडला की तो स्वतःच सुरू होईल.